कुंडलिकेच्या काठानं, उगमाच्या दिशेला

जुना जालना आणि नवा जालना यांना जोडणाऱ्या पुलावरून जाताना माझ्या धाकटीनं नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "आई, हा नाला कुठून येतो गं?" मी म्हणाले, "नाला नाही बाळा, नदी आहे. कुंडलिका." तिचा विश्वास बसला नाही. आठ वर्षांच्या मुलीला आपल्या गावची नदी ओळखता येऊ नये, हे मला फार लागलं. रात्री ठरवलं, की हिला नदी दाखवायची. पुस्तकातली नाही, हीच.

तेव्हापासून आम्ही रविवारी सकाळी कुंडलिकेच्या काठाकाठानं, प्रवाहाच्या उलट दिशेनं, घाणेवाडीच्या तलावाकडे चालत जातो. तलाव शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. एका दमात मुलं काय, मीही जात नाही. एका रविवारी दोन-तीन किलोमीटर, पुढच्या रविवारी रिक्षानं तिथवर जायचं आणि तिथून पुढे. वस्ती मागे पडते तसा वास कमी होतो, काठ दिसू लागतो. बाभळी, करंज, मधूनच एखादा कडुनिंब. तारेवर बसलेला वेडा राघू माशी टिपून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, ते धाकटीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अर्धा तास हलली नाही. मीही हलले नाही. आमचं त्या दिवशीचं चालणं तेवढंच झालं.

पहिल्या फेरीत मी एक मोठी चूक केली होती. दर दहा पावलांवर मुलांना विचारत होते: हे झाड कोणतं, हा पक्षी कोणता? मोठा मुलगा शेवटी वैतागून म्हणाला, "आज सुट्टी आहे ना आई?" त्याचं बरोबर होतं. घरातल्या अभ्यासाचं टेबल मी नदीकाठी नेऊन मांडलं होतं. आता मी गप्प राहते. त्यांनी विचारलं आणि मला येत असलं तर सांगते, नाही तर शेतात काम करणाऱ्या कुणाला तरी विचारू म्हणते. बांधावरून जायचं तर आधी शेतमालकाला राम राम घालायचा, पिकात पाय टाकायचा नाही, मोसंबीला हात लावायचा नाही, एवढंच मुलांना शिकवलं. एका आजींनी स्वतःहून दोन मोसंब्या हातात ठेवल्या. हिवर आणि बाभूळ यांतला फरक मी त्यांच्याकडूनच शिकले, मुलांच्या देखत, आणि त्याचा मुलांना केवढा आनंद झाला!

आपल्या जिल्ह्यात जंगल फार थोडं, हे खरं. सह्याद्रीतल्या वाटांचे फोटो पाहून आपण म्हणतो, "आपल्याकडे काय आहे?" पण हरणांचा कळप पाहायला आपल्याला कुठे लांब जावं लागतं? ज्यांना नदी लांब पडते त्यांना पारसी टेकडी आहे, अंबडला मत्स्योदरी देवीचा डोंगर आहे. चढून वर बसा, मुलांना खालचं मोकळं रान पाहू द्या.

मोठ्याला खरी गोडी लागली ती तलावापाशी. निजामाच्या काळात बांधलेला हा तलाव जालन्याची तहान भागवत आला. 2012-13 च्या दुष्काळात टँकरपुढे लागलेल्या घागरींच्या रांगा आपल्याला आठवतात, मुलांना त्या ठाऊक नाहीत. तलाव गाळानं भरला होता, गावातल्या लोकांनी पुढाकार घेतला, शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतात नेऊन टाकला, हे मी त्याला भिंतीवर उभी राहून सांगितलं. त्यानं विचारलं, "मग हेच पाणी पुढे कुठं जातं?" दुधना, पूर्णा आणि मग गोदावरी. घरी येऊन त्यानं आपणहून नकाशा काढला.

काळजीचं मात्र स्पष्ट बोलते. सप्टेंबर सरला की माघापर्यंत चाला. चिखलात आणि चैत्राच्या उन्हात मुलांना नेऊ नका. सकाळी नऊच्या आत परत फिरायचं. पायात बूट, कारण घोणस पाचोळ्यात दिसत नाही. आग्या मोहोळाखाली थांबायचं नाही, दगड तर मुळीच मारायचा नाही. आणि पाण्यात उतरू देऊ नका, हात जोडून सांगते. दुधना असो की शहागडची गोदावरी, वाळू उपसल्यानं झालेले खड्डे वरून कळत नाहीत. गुडघाभर पाण्यात पुढचंच पाऊल पुरुषभर खोल जातं.

मुलं हे सगळं घरी सांगत होती तेव्हा माझे सासरे ऐकत बसले होते. मग म्हणाले, "मी कुंडलिकेतच पोहायला शिकलो." इतक्या वर्षांत हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते काठी घेऊन बरोबर आले. त्यांचा डोह, त्यावर झुकलेला करंज, काही सापडलं नाही. नातवंडांचा हात धरून ते म्हणाले, "अजून थोडं वर असेल." आम्ही अजून शोधतोय.