हॉर्सरॅडिश, शेवगा व मोहरी : स्वयंपाकांतील उपयोग व आरोग्यविचार

आमच्या देवबागेस एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी. मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टींत माडांच्या छायेस घरें वसलेलीं आहेत. अलीकडे ह्या घरांपैकीं पुष्कळांत पर्यटक उतरूं लागले, आणि त्यांच्याबरोबर परदेशी खाद्यवस्तूंचीं नांवेंहि आमच्या स्वयंपाकघरांत येऊन पोंचलीं. हॉर्सरॅडिश हें त्यांतलेंच एक. ह्या नांवापाठोपाठ असेंहि सांगण्यांत येतें कीं, इंग्रज लोक आपल्या शेवग्यालाच ‘हॉर्सरॅडिशचें झाड’ म्हणत. सबब शेवग्याचें मूळ खणून खाल्लें असतां तीच चव व तेच गुण मिळतात. ह्यांतील पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र घातक आहे, आणि तो कां घातक आहे हें समजावून देण्यासाठींच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मूळ वस्तु कोणती

खरा हॉर्सरॅडिश ही थंड हवेंतील वनस्पति होय. ती मोहरी व मुळा ह्यांच्या कुळांतील आहे. तिचें जाड, पांढरें मूळ युरोपांत किसून, शिर्क्यांत कालवून, भाजलेल्या मांसाबरोबर चटणीप्रमाणें खातात. जपानी ‘वासाबी’ म्हणून जी हिरवी चटणी बाहेर विकली जाते, तींतहि बहुधा हेंच मूळ रंग देऊन घातलेलें असतें. कोंकणच्या उष्ण व दमट हवेंत हें पीक घेण्याच्या खटपटींत कोणी पडूं नये.

हिंदुस्थानांत राहणाऱ्या इंग्रजांस हें मूळ ताजें मिळेना. तेव्हां त्यांनीं शेवग्याचें मूळ किसून त्याचे जागीं वापरलें, व त्यावरून झाडास तें नांव पडलें. शेवग्याचा हा तिखट दर्प आपल्या पूर्वजांस ठाऊक होताच. अमरकोशांत शेवग्यास शोभांजन व शिग्रु ह्यांबरोबर ‘तीक्ष्णगंधक’ असेंहि नांव दिलेलें आहे.

तिखटपणा कोठून येतो

मूळ अखंड असतां त्यास फारसा वास येत नाहीं. किसलें कीं नाकांत झिणझिण्या येतात. ह्याचें कारण असें कीं, वनस्पतीच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नांवाचीं द्रव्यें एकीकडे व मायरोसिनेज नांवाचें पाचक द्रव्य दुसरीकडे असतें. पेशी चिरडल्या म्हणजे दोहोंची गांठ पडते आणि आयसोथायोसायनेट ह्या जातीचें झोंबणारें तेल तयार होतें. मोहरी फेसतांना आपल्या डोळ्यांतून पाणी येतें तें ह्याच क्रियेमुळें. हॉर्सरॅडिशमधील मुख्य झोंबरें तेल व काळ्या मोहरींतील तेल हीं एकच आहेत. शेवग्याच्या मुळांतील तेल त्याच जातीचें, पण निराळें आहे.

ह्यावरून स्वयंपाकाचे तीन नियम निघतात. पहिला, तिखट झणका हवा असल्यास पदार्थ थंड पाण्यांत वाटावा; उकळत्या पाण्यानें पाचक द्रव्य मरतें व झणका उत्पन्नच होत नाहीं. दुसरा, वाटल्यावर थोडा वेळ थांबून मग आंबट घालावें. आंबटानें ती क्रिया थांबते व आलेला झणका टिकतो. तिसरा, हें वाटण शिजवूं नये. भांडें चुलीवरून उतरल्यावर शेवटीं घालावें.

शेवग्याचें मूळ कां खाऊं नये

चव सारखी असली म्हणून वस्तु सारखी होत नाहीं. शेवग्याच्या मुळांत, विशेषतः त्याच्या सालींत, झोंबऱ्या तेलाखेरीज अपायकारक अल्कधर्मी द्रव्येंहि असतात. हें मूळ गर्भपातासाठीं वापरलें जात असल्याच्या नोंदी जुन्या औषधिग्रंथांत आहेत. ह्यावरून गर्भिणीस त्याचा धोका किती आहे हें उघड होतें. गर्भवती स्त्रीनें शेवग्याचें मूळ अथवा साल कोणत्याहि रूपानें, अगदीं चिमूटभर सुद्धां, घेऊं नये. इतरांनींहि तें चटणी म्हणून खाऊं नये. सांधेदुखीवर मूळ ठेंचून बांधण्याची जुनी रीत आहे. परंतु लेप अधिक वेळ राहिल्यास कातडीवर फोड उठतात, म्हणून त्याहि वाटेस न जाणें बरें. वैद्यकांत शिग्रूचा उपयोग सांगितला आहे हें खरें. पण वैद्यानें शोधून, मोजून दिलेलें औषध व आपण परसांतून खणून काढलेली मुळी ह्यांत अंतर आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीनेंहि मुळास हात घालणें तोट्याचें आहे. मुळें तोडलेलें झाड वाळूंत तग धरीत नाहीं, व पहिल्याच वादळांत आडवें होतें.

पाल्याचे गुण

ह्या झाडाची खरी संपत्ति वर आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ताज्या पाल्यांत सुमारें ६.४ ग्रॅम प्रथिनें, ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम, सुमारें ४.५ मिलिग्रॅम लोह व १०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असतें. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतें तें कॅरोटीनहि भरपूर असतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा स्थितींत दारचा पाला गळून मातींत जाऊं द्यावा हें शहाणपणाचें नाहीं.

तथापि अतिशयोक्तीहि नको. पाल्याची भुकटी शेंकडों रोगांवर चालते असें सांगून ती महागड्या दरानें विकली जाते. भाजी ही भाजी आहे. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचें काम तिनें होत नाहीं. पाला वाळविला म्हणजे त्यांतील क जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहींसा होतो. रक्त पातळ करण्याचें औषध चालूं असणारांनीं पाला एकदम अधिक खाऊं नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतें. मधुमेहाच्या गोळ्या घेणारांनीं भुकटी सुरूं करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

शेगलाची भाजी

गोकुळाष्टमीस शेगलाची भाजी करण्याचा आमच्या मालवणी घरांतला परिपाठ सर्वांस ठाऊक आहे. श्रावणांत झाडास नवी पालवी असते, म्हणून ही योजना सोयीचीहि आहे. निवडण्याचा कंटाळा येतो, त्यावर उपाय असा : संध्याकाळीं डहाळ्या काढून फडक्यांत घट्ट गुंडाळून ठेवाव्या. सकाळीं झटकल्या म्हणजे पानें आपोआप गळतात.

पाव किलो पाला, दोन कांदे, तीन-चार हिरव्या मिरच्या, आठ-दहा उकडून ठेंचलेल्या फणसाच्या आठळ्या व मूठभर ओलें खोबरें घ्यावें. तेलावर कांदा व मिरची परतून आठळ्या व पाला घालावा. पाण्याचा हबका मारून सात-आठ मिनिटें शिजूं द्यावें. शेवटीं मीठ व खोबरें घालावें. पाला उकडून पाणी फेंकून देण्याची चाल सोडावी. त्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वहि जातें. ताटांत वाढल्यावर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं लागण्यास मदत होते. फुलें सुकटीबरोबर परतावीं. शेंगा आमटींत अथवा कोलंबीच्या कालवणांत घालाव्या.

तिखट झणका हवा असेल तर : सासव

हॉर्सरॅडिशची चव ज्यांस पाहिजे, त्यांस आपल्याकडे निर्धोक वस्तु मोहरी आहे. तिचें सासव हा आपल्या किनाऱ्याचा जुना पदार्थ. आठ-दहा पिके रायवळ आंबे सोलून कोयीसकट ठेवावे. अर्ध्या नारळाचें खोबरें, तीन-चार सुक्या मिरच्या व थोडी हळद बारीक वाटावी. ह्या वाटणांत आंबे, गूळ व मीठ घालून एक कढ आणावा व भांडें उतरावें. एक चहाचा चमचा मोहरी थंड पाण्यांत निराळी वाटून पांच मिनिटें ठेवावी, व भांडें कोमट झाल्यावर मिसळावी. मोहरी फार वेळ वाटूं नये, कडू होते. हें दोन चमचे खाल्लें तरी चोंदलेलें नाक मोकळें होतें. जर्मनींत औषधि वनस्पतींची छाननी करणाऱ्या सरकारी समितीनें सर्दी-पडशावर हॉर्सरॅडिशला मान्यता दिली होती. मात्र ज्यांच्या पोटांत व्रण अथवा जळजळ आहे त्यांनीं असले झोंबरे पदार्थ वर्ज्य करावे.

लागवड

मूळ न खणतां झाड वाढविण्याची रीत सोपी आहे. शेंगांचा हंगाम संपल्यावर मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब फांदी कापावी. वरच्या टोकास शेण लिंपून ती पावसाच्या आरंभीं शेणखत घातलेल्या खड्ड्यांत तिसरा हिस्सा गाडून लावावी. बियांपासून लावावयाचें असल्यास दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘कोंकण रुचिरा’ ही जात आपल्या हवेची आहे. वाळूची जमीन चालते, पण पाणी तुंबलेलें चालत नाहीं. लांकूड ठिसूळ असल्यानें झाड छपरापासून व विजेच्या तारांपासून दूर, वाऱ्याच्या आडोशास असावें. दर वर्षीं शेंगा संपल्यावर कंबरेच्या उंचीवर छाटावें. पाला हाताशीं येतो व वादळाचें भय कमी होतें. पावसाळ्यांत खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात; ते काठीनें साबणाच्या पाण्यांत पाडावे, हातानें धरूं नयेत.

महसुली नोकरींत आम्हीं अनेक गांवांची पीकपाहणी लिहिली. माड, आंबा व काजू ह्यांची नोंद आठवणीनें होई. परसांतला शेवगा कोणी सांगत नसे व आम्हीहि लिहीत नसूं. कागदावर ज्याची किंमत शून्य, त्या झाडावर घरांतील स्त्रिया-मुलांचें बरेंच पोषण अवलंबून असूं शकतें. ह्या पावसाळ्यांत प्रत्येक सभासदानें एक फांदी लावावी, आणि घरांत सर्वांस हा भेद एकदां नीट सांगून ठेवावा : पान, फूल, शेंग खाण्यासाठीं, मूळ जमिनींतच राहूं देण्यासाठीं.