खारा वारा आणि लोखंड: दर किलोचा नको, वर्षाचा काढा

मुरूड, कर्दे, हर्णै किंवा लाडघरला घर बांधताय? फॅब्रिकेटर आधी किलोचा दर सांगेल. तुम्ही दहा वर्षांचा हिशेब मांडा. लोखंडावर बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. दापोली शहर समुद्रापासून आत आणि उंचावर आहे. तिथे टिकलेलं ग्रिल किनाऱ्यावर तेवढंच टिकेल, असं धरू नका.

खिडकीचं ग्रिल

4 बाय 5 फुटांची खिडकी, 12 मिमी चौकोनी सळई, उभ्या सळया चार-चार इंचांवर: वजन सुमारे 28 किलो. खालचे दर उदाहरणापुरते आहेत. तुम्हाला मिळालेले दर घालून बघा.

• साधं लोखंड, रंगासह 120 रुपये किलो: 3,360. पुढची नऊ वर्षं घासून रंगवायला दरसाल 500. एकूण 7,860.
• तयार ग्रिल वितळलेल्या जस्तात बुडवून, 140 रुपये किलो: 3,920. गाडीभाडं 1,000, मध्ये एकदा रंग 500. एकूण 5,420. गाडीभाडं वाडीतल्या चार घरांनी वाटून घेतलं तर आणखी स्वस्त.
• 304 ग्रेडचं स्टील, पोकळ पाइपचं, 14 किलो, 450 रुपयांनी: 6,300. रंगाचा खर्च नाही, पण मीठ साचलं की तपकिरी डाग पडतात. घर अगदी पुळणीलगत असेल तर 316 घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, दर मात्र चढा.

पाइपचं काम जस्तात बुडवायचं असेल तर पाइपला भोकं ठेवायला सांगा. आत कोंडलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटू शकतो.

पत्रे

120 जीएसएम म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त, तेही दोन्ही बाजूंचं मिळून. एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. 5 मिमी किंवा जाड लोखंड बुडवून घेतलं तर थर 85 मायक्रॉनच्या आसपास बसतो. किनाऱ्यावर 275 जीएसएम मागा. स्क्रू हलके घेऊ नका. गळती तिथूनच सुरू होते.

स्लॅब

भारतीय मानक 456 प्रमाणे किनारी हवेला उघड्या असलेल्या आरसीसीत सळईवर 45 मिमी कव्हर आणि किमान एम 30 काँक्रीट हवं. ठेकेदार 20 मिमीचे ब्लॉक ठेवत असेल तर काँक्रीट ओतण्याआधीच थांबवा. सळई गंजली की फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. मचूळ विहिरीचं पाणी आणि समुद्राची वाळू काँक्रीटला वर्ज्य.

देखभाल

गंज आधी शोधा वळचणीखाली आणि ग्रिलच्या आतल्या बाजूला. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, इथलं तसंच राहतं. पावसाळा संपला की महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारा. गणपतीच्या तोंडावर घाईने रंग काढू नका. ओल आत कोंडते. दिवाळीनंतर मीठ धुऊन, सुकवून, घासून मग प्रायमर लावा.

बिलावर लिहून घ्या

स्टीलचा ग्रेड, पत्र्याचा जीएसएम, ‘वेल्डिंगनंतर गॅल्वनाइझ’ हे शब्द आणि वजन. लोहचुंबकावर विसंबू नका: स्वस्त 202 ग्रेडलाही तो 304 सारखाच जवळपास चिकटत नाही. ग्रेड लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान बघा.