व्यवसाय : काही नाही?

प्रश्न : बेर्त मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीच्या मृत्यूच्या दाखल्यात 'व्यवसाय नाही' अशी नोंद असल्याचे वाचले. हे खरे का? त्या केवळ हौस म्हणून चित्रे काढत होत्या का?

उत्तर : नोंद खरी आहे, पण हौसेचा तर्क साफ चुकीचा. १८४१ साली जन्मलेल्या बेर्त आयुष्यभर चित्रकारच होत्या. घर सुखवस्तू, त्यामुळे पोटासाठी रंगवायची गरज नव्हती. त्या काळच्या कारकुनाच्या लेखी अशी बाई म्हणजे कुणाची तरी मुलगी, पत्नी किंवा विधवा. पासीच्या दफनभूमीतला दगडही त्यांची ओळख 'एझेन माने यांची विधवा' अशीच देतो.

आता त्यांचे काम पाहा. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना १८९७ पर्यंत दार उघडले नाही, म्हणून बेर्त आणि बहीण एड्मा खासगी शिक्षकांकडे शिकल्या. त्यांपैकी गिशार यांनी आईला आधीच बजावले होते की या मुली खरोखरच चित्रकार होतील आणि तुमच्यासारख्या घरात तो अनर्थ ठरेल. पुढे चित्रकार कोरो यांनी दोघींना शिकवले. १८६४ मध्ये दोघींची चित्रे सरकारी प्रदर्शनात, 'सालों'त, लागली. एड्माने १८६९ मध्ये लग्न केले आणि चित्रकला जवळजवळ सोडून दिली. बेर्त यांनी सोडली नाही. लग्नानंतरही चित्रांवर सही 'मोरिझो' अशीच राहिली.

१८७४ मध्ये मोने, देगा, रन्वार यांच्या गटाने स्वतःचे प्रदर्शन भरवले. एझेन यांचे भाऊ, चित्रकार एदुआर माने, त्यापासून दूर राहिले. बेर्त मात्र उतरल्या, आणि त्या पहिल्या प्रदर्शनातल्या त्या एकमेव स्त्री. एकूण आठ प्रदर्शनांपैकी सातांत त्यांनी भाग घेतला. १८७९ चे तेवढे हुकले, कारण काही महिन्यांपूर्वीच मुलगी ज्युली जन्मली होती. १८७५ मध्ये याच गटाच्या चित्रांच्या लिलावात सर्वाधिक बोली, ४८० फ्रँक, त्यांच्याच चित्राला मिळाली. हौशी चित्रकाराच्या वाट्याला हे येत नाही.

एदुआर माने यांच्या चित्रांतली काळ्या पोशाखातली मॉडेल म्हणून त्यांची आठवण काढली जाते, याचे मला वाईट वाटते. बेर्त यांच्या ज्या चित्रात त्यांची आई आणि एड्मा बसल्या आहेत, ते सालोंला जाण्याआधी माने यांनी स्वतःच कुंचला घेऊन त्यावर आपला हात फिरवला. बेर्त फार दुखावल्या होत्या. एवढ्या मोठ्या चित्रकारालाही त्यांच्या कॅनव्हासवर आपला हक्क वाटावा, यातच त्या काळची सगळी वागणूक आली.

घर, बाग, मूल हेच त्यांचे विषय. पॅरिसचे कॅफे घरंदाज बाईला एकटीने फिरायचे ठिकाण नव्हते. पण 'पाळणा' (१८७२) पाहा. एड्मा झोपलेल्या बाळाकडे बघते आहे, मध्ये पारदर्शक पडदा. तो पांढरा नुसता पांढरा नाही. त्यात निळे, करडे, गुलाबी फटकारे आहेत. पुढे तर हात इतका मोकळा झाला की कडेला कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला दिसतो. १८९४ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांचे एक चित्र विकत घेतले, यामागे कवी मालार्मे यांची खटपट होती. 'पाळणा' आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.