घोडदौड, पैज आणि जुगार : शरीअतची सीमारेषा

दिव्य कुरआनच्या सूरह अल-माइदामध्ये (आयत ९०-९१) अल्लाह तआलाने श्रद्धावंतांना उद्देशून मद्य, जुगार, बळीची ठाणी आणि नशीब पाहण्याचे बाण या चार गोष्टींचा उल्लेख एकत्र केला आहे. या गोष्टी सैतानी कृत्यांतील घाण आहेत, यांपासून दूर राहिलात तरच यशस्वी व्हाल, असा त्या आज्ञेचा आशय आहे. पुढच्याच आयतीत या मनाईची कारणेही सांगितली आहेत. सैतान मद्य आणि जुगार यांच्या मार्गाने माणसामाणसांत वैर व द्वेष पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो.

जुगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पत्ते आणि मटका येतो. परंतु आज जुगाराने सुशिक्षित रूप धारण केले आहे. तो आकडेवारीची भाषा बोलतो आणि स्वतःला अभ्यास म्हणवतो. मोबाइलच्या पडद्यावरून अमेरिकेतील केंटकी डर्बी आणि जपानची डर्बी अंथुर्णे, लासुर्णे, वालचंदनगरच्या तरुणापर्यंत पोहोचली आहे. म्हणून या विषयातील वैध काय आणि निषिद्ध काय, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

घोडा आणि इस्लाम

इस्लामला घोडा अप्रिय नाही. सूरह अल-आदियातचा आरंभच धापा टाकीत धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होतो. सूरह अन-नहलमध्ये (आयत ८) घोडा, खेचर व गाढव यांना स्वारीचे साधन आणि शोभा म्हटले आहे. कयामतपर्यंत घोड्यांच्या कपाळकेसांशी कल्याण बांधलेले आहे, असे प्रेषितवरांनी (स.) सांगितल्याचे सहीह हदीसमध्ये आहे.

प्रेषितवरांनी (स.) स्वतः घोडदौडी आयोजित केल्या. हज़रत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. विशेष खुराक देऊन तयार केलेल्या घोड्यांची दौड हफ्या येथून सनियतुल-विदापर्यंत, म्हणजे पाच-सहा मैल, ठेवली गेली. जे घोडे असे तयार केलेले नव्हते, त्यांची दौड सनियतुल-विदापासून बनू ज़ुरैकच्या मशिदीपर्यंत, सुमारे एक मैल, ठेवली. हज़रत इब्ने उमर (रजि.) स्वतः या दौडीत उतरले होते. बरोबरीच्यांची स्पर्धा बरोबरीच्यांशीच व्हावी, हा न्याय येथे दिसतो. शर्यतीत घोड्याच्या मागून आरडाओरडा करून त्याला पिटाळण्याचीही हदीसमध्ये मनाई आली आहे.

हरण्याची तालीमही तेथेच दिली गेली. प्रेषितवरांची (स.) ‘अदबा’ नावाची सांडणी कधी मागे पडत नसे. एकदा एका ग्रामीण अरबाचा तरुण उंट तिच्या पुढे गेला. सहाबांना ते फार लागले. तेव्हा प्रेषितवरांनी (स.) समजावले की या जगात जे उंचावते त्याला अल्लाह खाली आणतोच. पराभव इतक्या सहजतेने स्वीकारता येतो, कारण त्याच्यामागे कोणाचे घरदार पणाला लागलेले नसते.

पैजेचे नियम

बक्षीस केवळ बाण, उंट आणि घोडा यांच्या स्पर्धेतच आहे, या आशयाची हदीस अबू दाऊद, तिर्मिज़ी व नसाई यांनी नोंदवली आहे. या व इतर प्रमाणांवरून फुकहांनी जे नियम सांगितले, त्यांचे सार असे :

पहिला नियम : बक्षीस शासकाने, संस्थेने अथवा तिसऱ्या व्यक्तीने दिले, तर ते वैध आहे.

दुसरा नियम : दोन स्पर्धकांपैकी एकानेच, ‘तू जिंकलास तर मी देईन, मी जिंकलो तर तुझ्याकडून काही घेणार नाही’ असे म्हटले, तर तेही वैध आहे.

तिसरा नियम : दोन्ही बाजूंनी पैसा लागला आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा पैसा उचलायचा ठरले, तर तो जुगार होय. काहीही रक्कम न लावणारा आणि जिंकण्याची खरी शक्यता असणारा तिसरा स्पर्धक सामील झाला, तर फुकहांनी सवलत सांगितली आहे. पण तीही मैदानात उतरणाऱ्या स्पर्धकांपुरती.

आता रेसकोर्सवर पैसे लावणाऱ्याचे स्थान पाहा. तो घोड्यावर बसत नाही, घोडा पाळत नाही, त्याला शिकवीत नाही. त्याचा घोड्याशी संबंध एका तिकिटापुरता. म्हणून स्पर्धकांसाठीची कोणतीही सवलत त्याला लागू होत नाही. हज़रत इब्ने मसऊद (रजि.) यांच्या, मुसनद अहमदमधील रिवायतीत घोड्यांचे तीन प्रकार आले आहेत : एक रहमानचा, एक माणसाचा आणि एक सैतानाचा. ज्याच्यावर जुगार खेळला जातो, तो सैतानाचा घोडा.

‘मी नशिबावर नाही, अभ्यासावर लावतो’

जुमाच्या नमाजनंतर एका शिकलेल्या तरुणाने मला विचारले, “मौलाना, मी घोड्याच्या मागच्या शर्यती पाहतो, जॉकी पाहतो, अंतर, वजन, जमिनीचा ओलावा पाहतो. मग हा जुगार कसा? सर्वोच्च न्यायालयानेही याला कौशल्याचा खेळ म्हटले आहे.”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही गंभीरपणे दिले पाहिजे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोडदौडीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानले, हे खरे आहे. मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही परवानाप्राप्त रेसकोर्सवरील पैजेला अटींसह सूट आहे. त्यामुळेच पुण्यात पावसाळ्यात आणि महालक्ष्मीला हिवाळ्यात उघडपणे पैसे लावले जातात.

परंतु न्यायालयाचा प्रश्न वेगळा होता आणि शरीअतचा प्रश्न वेगळा आहे. निकाल कौशल्याने लागतो की योगायोगाने, हे न्यायालयाने तपासले. हा पैसा कोणाच्या खिशातून आला आणि कशाच्या मोबदल्यात आला, हे शरीअत विचारते. माल दिला, श्रम दिले, सेवा दिली, तर मोबदला हलाल. येथे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला काय दिले? काहीच नाही. सूरह अन-निसामध्ये (आयत २९) एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई आहे आणि परस्परसंमतीच्या व्यापाराला मुभा आहे. दुसऱ्याचा तोटा हाच ज्याचा नफा, तो व्यापार नव्हे.

ज्ञानामुळे पैज हलाल होत असती, तर हज़रत अबू बक्र (रजि.) यांची पैज सर्वांत हलाल ठरली असती. रोमचे लोक पराभवानंतर काही वर्षांत पुन्हा विजयी होतील, असे सूरह अर-रूममध्ये अवतरले, तेव्हा त्यांनी मक्केच्या मुश्रिकांशी पैज लावली. त्यांचे ज्ञान अंदाजाचे नव्हते. ते वह्यीचे, म्हणजे निश्चित होते. तरीही ही घटना पैजेची मनाई होण्यापूर्वीची आहे, असे तिर्मिज़ीमध्ये स्पष्ट केले आहे. वह्यीच्या खात्रीवर लावलेल्या पैजेचा खुलासा जर असा द्यावा लागतो, तर रेसबुकाच्या अंदाजाचा आधार किती टिकेल?

शिवाय या ‘अभ्यासा’ची खरी किंमतही पाहावी. अनेक शर्यती ‘हँडिकॅप’ प्रकारच्या असतात. चांगल्या घोड्यावर अधिक वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन ठेवून सर्वांना बरोबरीत आणण्यासाठी क्लबने एक जाणकार नेमलेला असतो. म्हणजे तुमचा अभ्यास निरुपयोगी ठरावा, यासाठीच दुसरा अभ्यासू पगार घेतो. जेथे वजन समान असते तेथेही खात्री नाही. २०२२ च्या केंटकी डर्बीत ‘रिच स्ट्राइक’ हा घोडा जिंकला. दुसऱ्या घोड्याने माघार घेतल्यामुळे त्याला आदल्या दिवशी जागा मिळाली होती आणि त्याचा भाव एकास ऐंशी होता. वर्षानुवर्षे आकडेमोड करणारे त्या दिवशी हरले.

आपल्या देशाच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैशाच्या ऑनलाइन खेळाची व्याख्या करताना कौशल्य की योगायोग हा भेद बाजूला ठेवला आहे. घरे उद्ध्वस्त होताना हा भेद कामाला येत नाही, हे उशिरा का होईना ओळखले गेले.

तिकिटाचा हिशेब

रेसकोर्सच्या टोटवर सर्वांचा पैसा एका ठिकाणी जमा होतो. त्यातून आयोजक व सरकार यांचा वाटा आधी काढला जातो आणि उरलेला पैसा जिंकणाऱ्यांत वाटला जातो. जपानमध्ये साध्या ‘विन’ तिकिटावर हा कापला जाणारा वाटा २० टक्के असतो आणि पहिल्या तीन घोड्यांचा क्रम ओळखण्याच्या तिकिटावर २७.५ टक्के. अमेरिकेतही तो साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतो.

२० टक्के धरू. शंभर रुपये घेऊन खेळणारे सगळे मिळून पहिल्या फेरीनंतर ८० वर येतात. तेच पुन्हा लावले की ६४, मग ५१ रुपये २० पैसे, मग सुमारे ४१, पाचव्या फेरीनंतर सुमारे ३३. दहा फेऱ्यांनी शंभरातले अकरा रुपयेही उरत नाहीत. एखादा जिंकतो, त्याचे नाव गावभर होते. बाकीच्यांचे नाव कोणी घेत नाही.

कोणी म्हणेल, यातून सरकारला कर मिळतो, लोकांचे भले होते. जपानमध्ये तर विक्रीचा दहा टक्के भाग सरकारी तिजोरीत जातो. परंतु अज्ञानकाळातील अरबही बाण टाकून उंटाच्या मांसाचे वाटे काढीत आणि जिंकलेले मांस गरिबांना वाटीत. सूरह अल-बकरामध्ये (आयत २१९) जुगारात लोकांसाठी काही लाभ आहेत हे नाकारलेले नाही. परंतु त्याचे पाप त्याच्या लाभाहून मोठे आहे, असा निर्णय दिला आहे.

पहाटेची वेळ

केंटकी डर्बी तेथे मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी सातच्या सुमारास धावते. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट, साडेचारच्या आसपासची वेळ असते. ही तहज्जुदची, दुआ कबूल होण्याची घडी. जपानची डर्बी मेअखेरच्या रविवारी आपल्या दुपारी बारानंतर लगेच, म्हणजे जुहरच्या तोंडावर असते. जुगार नमाजपासून रोखतो हे कुरआनने सांगितले. घड्याळ लावून पाहिले तर ते आजही अक्षरशः खरे आहे. ज्या पहाटे वडील वजूसाठी उठतात, त्याच पहाटे मुलगा पांघरुणात पडदा उजळवून बसलेला असतो.

आपल्या परिसरात

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबवलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शर्यतींचे मैदान पुन्हा गजबजले आहे. येथेही तीच सीमारेषा लक्षात ठेवावी. देणगीदाराने ठेवलेल्या बक्षिसाला अनेक हनफी उलेमा वैध मानतात, मात्र मुक्या जनावराचा छळ होता कामा नये. सर्व स्पर्धकांकडून पैसे गोळा करून तेच बक्षीस म्हणून देणे, किंवा कडेला उभे राहून कोणत्या जोडीवर हजार-पाचशे लावणे, हा जुगार आहे. ‘गंमत म्हणून’ म्हटल्याने हुकूम बदलत नाही. हदीसमध्ये तर ‘ये, जुगार खेळू’ एवढे नुसते म्हणणाऱ्यालाही सदका देण्यास सांगितले आहे.

आपले वारकरी शेजारी दरवर्षी तुकाराम महाराजांच्या पालखीसोबत अंथुर्ण्यास येतात. त्याआधी बेलवाडीच्या रिंगणात घोडा धावतो. हजारो लोक तो पाहतात आणि कोणी रुपयाही लावीत नाही. घोड्याच्या धावेचा आनंद पैजेवाचून घेता येतो, हे आपल्या शिवारातच दिसते.

सुटकेचा मार्ग

जो या व्यसनात अडकला आहे त्याने पुढील गोष्टी कराव्यात.

१. तत्काळ थांबावे. ‘गेलेले परत मिळवून मग सोडतो’ हा सैतानाचा सर्वांत जुना दोर आहे. गेलेला पैसा गेला.

२. जिंकलेली रक्कम शिल्लक असेल आणि मूळ मालक माहीत असेल तर त्याला परत करावी. माहीत नसेल तर पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावी. ती मशिदीच्या बांधकामात घालू नये, तिने हज-उमरा करू नये.

३. नातलगांकडून, सोसायटीकडून घेतलेले कर्ज खरे कर्ज आहे. ते फेडणे कर्तव्य आहे. बुकीकडे हरलेली पैज मात्र शरीअतमध्ये देणे ठरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसारही पैजेचा करार निरर्थक असून तिच्या वसुलीसाठी दावा लावता येत नाही. बुकीची माणसे दारात येऊन धमकावीत असतील तर घरच्यांनी दागिने मोडण्यापूर्वी वकिलाला आणि पोलिसांना गाठावे.

४. उसाचे बिल किंवा पगार काही काळ पत्नीच्या अथवा आईच्या हाती द्यावा. यात कमीपणा नाही.

घरच्यांनाही एक विनंती. मुलाला चारचौघांत जुगारी म्हणून हिणवू नका. लाज वाटली की तो लपतो आणि लपला की अधिक खोल जातो. बहिणींनो, पती कर्ज काढून खेळत असेल तर ते झाकणे म्हणजे वफादारी नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांना किंवा आपल्या इमामांना वेळीच सांगा. ते गाऱ्हाणे नाही, मदत आहे. आणि जो परत येईल त्याला पहिल्या सफमध्ये जागा द्या, कारण तौबा करणाऱ्याला अल्लाह प्रिय मानतो, तर आपण त्याला दूर ठेवणारे कोण?

हे अल्लाह, आमच्या घरांना हलाल रोजीत बरकत दे, आमच्या तरुणांना या सापळ्यातून सोडव आणि जे परत येऊ पाहतात त्यांच्यासाठी आमची मने मोठी कर. आमीन.