प्रभु आज कोणतें पाऊल दाखवितो?

पाठ : मत्तय 5:23-24, 7:12, 24-27, योहान 10:1-5

प्रभूनें आम्हांस वाट दाखवावी अशी प्रार्थना आपण प्रत्येक उपासनेंत करितों. पण तो वाट कशी दाखवितो, असें कोणीं विचारिलें तर पुष्कळांस उत्तर सुचत नाहीं. कोणी स्वप्नाची वाट पाहतो, कोणी चिन्ह मागतो. आजच्या पाठांत आपणांस हें शिकावयाचें आहे कीं, प्रभु बहुधा सबंध मार्ग एकदम दाखवीत नाहीं. तो पुढचें एक पाऊल दाखवितो, आणि तें टाकणाऱ्यास त्यापुढचें दिसूं लागतें.

आपल्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरची एक गोष्ट पाहा. 1893 सालीं नारायण वामन टिळक राजनांदगांवास जात होते. नागपुराहून तिकडे जाणारा लोहमार्ग भंडारा रोड व तुमसर रोड या स्थानकांवरून, वैनगंगा ओलांडून जातो. त्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस पवित्र शास्त्राची प्रत दिली, व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें म्हटलें. टिळक विद्वान ब्राह्मण व कवि होते. वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापाशीं आले, आणि त्यांचें मन तेथेंच जडलें. पुढें 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें त्या परत आल्या व 1900 सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. गाडींत बसलेल्या टिळकांस यांतलें कांहींच दिसत नव्हतें. त्यांच्यापुढें एक पुस्तक होतें. तें त्यांनीं उघडिलें, आणि जें पटलें त्यास पाठ दाखविली नाहीं.

आतां आपल्या शेताकडे येऊं. रोवणी होऊन धान पोटरीस आलें आहे व पावसानें ताण दिला आहे, असें समजा. तलावाचें पाणी पाळीनें मिळतें. आज रात्रीं शेजाऱ्याची पाळी आहे, तुमची उद्यां. शेजारी दमून निजला आहे. पाटाचें तोंड थोडें फोडिलें तर तुमची बांधी भरेल व कोणास कळणारही नाहीं. घरांत लेंकरें आहेत. वर्षाचें अन्न त्या बांधींत उभें आहे. अशा वेळीं धुऱ्यावर उभें राहून “प्रभो, मार्ग दाखीव,” असें म्हणणाऱ्यास नवें दर्शन कशास पाहिजे? लोकांनीं आपणांशीं जसें वागावें असें वाटतें, तसेंच आपण त्यांच्याशीं वागावें, हें प्रभूनें आधींच सांगून ठेविलें आहे. फावडें खांद्यावर टाकून घरीं परतणें, हेंच त्या रात्रीचें पाऊल होय.

असें केल्यानें धान खात्रीनें वांचेल, असें आम्ही सांगत नाहीं. प्रभूनें तसें वचन दिलेलें नाहीं. खडकावर बांधलेल्या घरावरही पाऊस पडला व वारा सुटला. तें पडलें नाहीं, एवढेंच त्यानें सांगितलें.

आणि पाट फोडून झाला असेल तर? तरीही वाट बंद झालेली नाहीं. वेदीपाशीं अर्पण आणिलेल्या मनुष्यास प्रभु माघारा पाठवितो, व आधीं भावाशीं समेट कर म्हणतो. सकाळीं शेजाऱ्याच्या दारीं जावें, झालें तें सांगावें, व आपली पाळी त्यास द्यावी. हें कठीण आहे, कारण गांव हसेल. पण रविवारीं गाइलेल्या गीतांपेक्षां त्या दारांतील चार शब्दांवरून गांव ख्रिस्तास अधिक ओळखील.

कांहीं गोष्टींविषयीं शास्त्रांत उघड आज्ञा सांपडत नाहीं. मुलीचें लग्न कोठें करावें, कामासाठीं नागपुरास जावें कीं येथेंच राहावें, असे प्रश्न येतात. तेव्हां घाई करूं नये. वचन वाचावें, शांतपणें प्रार्थना करावी, मंडळींतील वडील माणसांस विचारावें, आणि मग नम्रतेनें निर्णय घ्यावा. मेंढरें मेंढपाळाचा शब्द ओळखतात तीं रोज त्याच्यामागें चालल्यामुळें. जो लहान गोष्टींत त्याचें ऐकत नाहीं, त्यास मोठ्या प्रसंगीं तो आवाज अनोळखी वाटतो.

उपदेशक बंधूंनो, हा पाठ शिकवितांना प्रथम स्वतःस विचारा कीं, कोणती आज्ञा मला कळली आहे, पण मीं ती अजून पाळिली नाहीं? तेथूनच आरंभ करा.

विचारासाठीं प्रश्न
1. पायली भरतांना, मजुरी देतांना व साक्ष देतांना प्रभूची कोणती आज्ञा आपणांस आधींच ठाऊक आहे?
2. या आठवड्यांत कोणाच्या दारीं जाऊन समेट करणें अवश्य आहे?
3. आज्ञा पाळून नुकसान झालें, तर मंडळीनें त्या कुटुंबास कसें साह्य करावें?