सणापूर्वींचे शाळेचे दिवस

डिसेंबरचा महिना लागला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळाची तयारी सुरू होते. भिंती सारविल्या जातात, दळणें होतात, मुंबईपुण्यास कामावर असलेल्या मुलांकडे निरोप जातात. ह्याच वेळीं पुष्कळ आईबापांच्या मनांत येतें कीं, पोरांस चार दिवस आधींच शाळेंतून काढून आजोळीं न्यावें. सर्व भावंडें वर्षांतून एकदांच तर भेटतात! प्रश्न लहान दिसतो. परंतु मुलांचें शिक्षण व घरांतील खरेपणा ह्या दोन्ही गोष्टी त्यांत गुंतल्या आहेत. म्हणून ह्या धड्यांत आपण त्याचा नीट विचार करूं.

१. कुटुंबाचा हक्क खरा आहे. घरच्या माणसांत राहणें हेंही एक शिक्षणच होय. आजीजवळ बसून ऐकलेल्या गोष्टी, मामा-चुलत्यांची ओळख, म्हाताऱ्यांची सेवा, दहा जणांत वाटून खाण्याची सवय, ह्या गोष्टी पाठ्यपुस्तकांत मिळत नाहींत. योसेफ व मरिया हीं दरवर्षीं वल्हांडण सणास यरुशलेमेस जात असत, आणि येशू बारा वर्षांचा असतां तोही त्यांजबरोबर गेला, हें लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायावरून आपणांस ठाऊक आहे. वाटेवर नातलगांचा व ओळखीच्यांचा मोठा मेळा होता. पण त्याच अध्यायांत तो मुलगा गुरुजनांमध्यें बसून ऐकत व प्रश्न विचारीत असलेला आढळतो. तेथें सणाचें व विद्येचें वैर नाहीं. आपणही तें उत्पन्न करूं नये.

२. शाळेच्या दिवसांचें मोल. ज्यांस आपण "दोन-चारच दिवस" म्हणतों, ते गरिबांच्या मुलांस सहज मिळाले नाहींत. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर आयोगापुढें अशी मागणी केली कीं, प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें असावें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत व १९०६ सालीं सर्व संस्थानांत तें सक्तीचें केलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढिला, आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. सर्व देशासाठीं कायदा २००९ सालीं होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस शिक्षणाचा हक्क आहे. आणि पहिली ते पांचवीस वर्षांतून निदान २०० दिवस व सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा भरली पाहिजे.

आतां थोडा हिशेब करूं. दिवाळी, नाताळ व गांवची जत्रा ह्या तीन प्रसंगीं सुटीच्या आधीं दोन व नंतर दोन दिवस मूल घरीं राहिलें, तर वर्षाचे १२ दिवस गेले. २०० दिवसांत हे शेंकडा सहा झाले. आठ वर्षें असेंच चाललें तर ९६ दिवस, म्हणजे जवळजवळ अर्ध्या वर्षाची शाळा बुडाली! शिवाय नाताळाची गोष्ट दिवाळीसारखी नाहीं. दिवाळीच्या सुटीस सर्व शाळाच बंद होते. पण नाताळापूर्वींचे दिवस खेड्यांतील शाळेंत नेहमींच्या शिकवणीचे असतात. आपलें मूल नसलें म्हणून धडा थांबत नाहीं. ज्या दोन दिवसांत गुरुजींनीं वजाबाकीचा हातचा शिकविला, ते दोन दिवस चुकले कीं पुढचें प्रत्येक उदाहरण त्या मुलास अवघड जातें. आणि तें आपलें डोकेंच मंद आहे असें समजून बसतें.

३. घरीं ठेवण्याचें खरें कारण कोणतें? नांव कुटुंबाच्या सहवासाचें असतें, पण कित्येक घरीं मुलगा आजोळीं जातो आणि मुलगी सारवण करावयास, धाकट्यास सांभाळावयास किंवा कापूस वेंचावयास राहते. हा सहवास नव्हे, हें काम होय. आईबापांनीं आपल्या मनास विचारावें : सण नसता तर ह्या कामासाठीं मुलीची शाळा बुडविली असती काय? आणि मुलाची बुडविली असती काय?

४. खोटा निरोप. आमच्या मतें सर्वांत मोठें नुकसान येथें होतें. "बाळूस ताप आला आहे," असें सांगून पाठवितात, आणि तो निरोप पुष्कळदां धाकट्या बहिणीच्याच तोंडीं देतात. दोन दिवसांचा धडा पुढें भरून निघेल. पण गरज पडली म्हणजे आईबाप खोटें बोलतात, हा धडा मुलांच्या मनांतून सहसा जात नाहीं.

५. मग काय करावें? बाप फौजेंत किंवा दूर गाडीवर असून त्यास तेवढेच दिवस रजा मिळाली असेल, आजी अंथरुणास खिळली असेल, तर एक-दोन दिवस मागून घेण्यांत दोष नाहीं. परंतु आधीं स्वतः जाऊन गुरुजींस खरें कारण सांगावें. परीक्षेचे दिवस टाळावे. कोणता धडा होणार तें विचारून वही बरोबर न्यावी, व सुटी संपतांच मुलास वेळेवर हजर करावें. मुलास जो नियम, तोच मुलीस. जेथें असें खरें कारण नाहीं, तेथें शाळा सुटल्यावर निघावें, किंवा पाहुण्यांसच आपल्या घरीं बोलवावें.

उपदेशक बंधूंस एक विनंती. कित्येक मंडळ्यांत नाताळाच्या संवादांची व गीतांची तालीम आणि मंदिराची सजावट ह्यांसाठीं मुलांस भरदिवसां शाळेंतून बोलावून घेतात. मंडळीच असें करूं लागली तर आईबापांस काय सांगावें? तालीम सायंकाळीं दिवे लागल्यावर घ्यावी. तेव्हां शेतावरून परतलेलीं आईबापेंही ऐकावयास येतील, व कुटुंबाचा सहवास तेथेंच घडेल.

विचारासाठीं प्रश्न :

१. गेल्या वर्षीं सणांच्या आगेंमागें आपल्या मुलांचे किती दिवस बुडाले? हजेरीवरून मोजून पाहा.
२. आपल्या घरीं मुलाच्या व मुलीच्या गैरहजेरीचीं कारणें सारखीं आहेत काय?
३. सणासाठीं मूल घरीं ठेवावयाचें झाल्यास खरें कारण गुरुजींस सांगण्यास आपणांस संकोच कां वाटतो?
४. आपल्या मंडळीची नाताळाची तयारी शाळेच्या वेळेबाहेर कशी करितां येईल?