परीक्षेनंतर नको, आत्ताच

चि. भाचीस,

परीक्षा देऊन नोकरी लागेपर्यंत कविता बंद, असं तू ठरवलंस. पावसावर आणि सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या आपल्या वाशिम जिल्ह्यात बांधलेल्या पगाराची किंमत काय, हे घरोघर ठाऊक आहे. तुझा अभ्यास मी कमी लेखत नाही. पण आधी पोट, मग निर्मिती हा क्रम मला पटत नाही. आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या शतकात इथली शाखा उभी करणाऱ्या सर्वसेनाने राज्याचा पसारा सांभाळून प्राकृतात ‘हरिविजय’ रचलं. ते काव्य आज अखंड मिळत नाही, तरी नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाला त्याची दखल घ्यावीशी वाटली.

राजाचं काय, त्याला सवड होती, असं तू म्हणशील. रास्त आहे. म्हणून पोहरादेवीच्या यात्रेत जुन्या पेहरावातली बंजारा आजी दिसली, तर तिची कांचळी, म्हणजे चोळी, जवळून बघ. दाट टाके, मधे आरशाचे तुकडे, कडेला कवड्या. डोक्यावरच्या चुंबळीलासुद्धा कवड्या लावायची त्यांची रीत. घागरीखाली दबणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत कशासाठी? पाणी तर साध्या चुंबळीवरही घरी आलं असतं. ही कला सवडीतून आलेली नाही. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत फिरणाऱ्या तांड्यांतली ती आहे. रेल्वे आली, तो व्यापार बुडाला, माणसं मजुरीला लागली, तरी सुई चालत राहिली. मला याचा अर्थ असा दिसतो: दिवसाचं बाकी सगळं गरज ठरवते, तेव्हा कुठला रंग कुठे भरायचा एवढं तरी आपल्या हाती असावं लागतं. त्याने पोट भरत नाही, पण जगण्यावर आपली मालकी राहते.

माझ्यात तेवढी प्रतिभा नाही, हा तुझा दुसरा आक्षेप. तांड्यातली मुलगी आई-आजीशेजारी बसून टाका शिकते. तिची प्रतिभा आधी कुणी तपासत नाही. वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. कवितेला दिलेला अर्धा तास अभ्यासातूनच जाईल, आणि तो जावा असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षेचा निकाल तुझ्या एकटीच्या हातात नाही. जागा किती निघतील, कधी निघतील, कुणी सांगावं? सगळं मन त्या एकाच खुंटीला टांगू नकोस. शिवाय काही वर्षं न वापरलेली नजर नेमणुकीच्या पत्रासोबत परत मिळत नसते.

छापायची घाई नको. रोज चार ओळी लिही, आवडल्या नाहीत तर खोड, आणि महिन्याकाठी वही मला पाठव. अर्धवट असेल तरी चालेल.

तुझा मामा